गैरहजर, पण इथलाच

जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा आमच्या उर्दू शाळेच्या दारात बापांपेक्षा आजोबाच जास्त दिसतात. नातवाचा हात धरून येतात, जन्मदाखल्याची झेरॉक्स खिशातून काढतात आणि बापाचा धंदा विचारला की म्हणतात, "मास्टरसाब, वो तो बाहर है." हे बाहर म्हणजे कधी सुरत, कधी भिवंडी, कधी दम्माम. आम्ही रजिस्टरमध्ये नोकरी असे लिहितो आणि पुढच्या मुलाकडे वळतो. पिंपळनेरसारख्या गावात हे इतके नित्याचे आहे की त्यात लिहिण्यासारखे काही आहे असे आम्हाला पुष्कळ वर्षे वाटलेच नाही.

वाटले ते 2018 साली. आमच्या मोहल्ल्यातले एक कुटुंब रियाधहून परत आले. सगळे नाही, आई आणि दोन मुले. बाप तिथेच एका ठेकेदाराकडे हिशेबाचे काम करत राहिला. परत येण्याचे कारण साधे होते. सौदी सरकारने जुलै 2017 पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला 100 रियाल आकारायला सुरुवात केली आणि दरवर्षी त्यात 100 ची भर पडून 2020 मध्ये 400 होणार असे जाहीर केले. तीन माणसांचे पहिल्या वर्षी महिन्याला 300, दुसऱ्या वर्षी 600. इकामा नवा करताना वर्षभराचे एकदम भरायचे. हिशेबनीस माणूस, त्याने कागदावर आकडे मांडले आणि बायको-मुलांची तिकिटे काढली. अशी कितीतरी कुटुंबे त्या दोन वर्षांत घरी आली.

मुले आमच्याकडे दाखल झाली. मोठी मुलगी पाचवीत, धाकटा दुसरीत. हुशार मुले, इंग्रजी आमच्यापेक्षा बरे. पण सरल प्रणालीत आधार क्रमांकाचा रकाना रिकामा राहिला. आम्ही त्यांच्या आईला म्हणालो, बाजी, आधार काढून आणा. त्या गेल्या आणि परत आल्या. सांगितले गेले की आधार रहिवाशाला मिळते, आणि अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेला तो रहिवासी. यांना येऊन जेमतेम तीन महिने झालेले. "फिर हम अभी कहाँ के हैं?" असे त्यांनी आम्हाला विचारले. आम्ही बी.एड. झालेले, नागरिकशास्त्र शिकवणारे. आमच्याकडे उत्तर नव्हते. कायद्याच्या दृष्टीने त्या कारकुनाचे बरोबरच होते. 2016 च्या आधार कायद्यात रहिवासीची व्याख्याच तशी आहे. पुढे 2019 मध्ये भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाला ही सहा महिन्यांची वाट पाहण्याची अट काढून टाकली. पण या दोन मुलांनी ते सहा महिने कुठलेच नसल्यासारखे काढले.

सहा महिने हा आकडा आमच्या लोकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अमिरातीत राहण्याचा परवाना असलेला कामगार सलग 180 दिवसांहून अधिक बाहेर राहिला की त्याचा परवाना सर्वसाधारणपणे रद्द होतो. कुवेतचाही नियम सहा महिन्यांचाच. सौदीत छुट्टीच्या व्हिसावर तारीख असते. तारीख गेली की इकामा गेला. वीस वर्षे काम केलेले असो, आईच्या आजारपणासाठी थांबलेला असो. 2020 मध्ये मार्चच्या शेवटी विमाने बंद झाली आणि सुट्टीवर आलेले हजारो कामगार इथे अडकले. मे महिन्यात वंदे भारतची विमाने सुरू झाली, ती आधी तिकडच्यांना इकडे आणण्यासाठी. इकडच्यांनी तिकडे जायला अमिरातीच्या परवानगीची वाट पाहिली. ऑगस्टमध्ये कुवेतने भारतातून थेट येणे बंद केले, तेव्हा ज्यांच्या गाठीला पैसे होते ते दुबईत चौदा दिवस राहून मग कुवेतला गेले. ज्यांच्या गाठीला नव्हते ते इथे भाजीची गाडी लावून बसले.

आखाताचा नियम निर्दय आहे, हे आम्ही मान्य करतो. पण तो खोटा बोलत नाही. तो कामगाराला पहिल्या दिवशीच सांगतो की तू इथला नाहीस आणि होणारही नाहीस; कफील आहे तोवर आहेस. अमिरातीने 2019 पासून सोनेरी व्हिसा काढला तो पैसेवाल्यांसाठी आणि निवडक गुणवंतांसाठी, काँक्रीट ओतणाऱ्यासाठी नव्हे. अमेरिकेचे ग्रीन कार्ड कायमचे म्हणतात, तरी त्यालाही अट आहे. वर्षाहून जास्त बाहेर राहायचे तर आधी परतीचा परवाना काढावा लागतो आणि तोही साधारण दोन वर्षांचा. तो न काढता अडकलात तर वकिलातीत जाऊन सिद्ध करावे लागते की परतायचा इरादा होता आणि उशीर आपल्या हातात नव्हता. परक्या देशाने असे विचारले तर समजू शकते. त्याने आपल्याला जागा दिली होती, ती तो परत मागतो.

आमचे भांडण परक्या देशाशी नाही. आपल्या घरी परतलेल्या माणसाला आपल्याच गावात, अमेरिकेच्या वकिलातीत विचारतात तसले प्रश्न का विचारले जावेत, हा आमचा सवाल आहे. आणि त्याहून मोठा सवाल असा, की हे प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने फारसा दिलेलाच नसताना आपण मान खाली घालून उत्तरे का देतो?

मान खाली घालण्याला इतिहास आहे. आमच्या नानांच्या तोंडी परमिट हा शब्द असे. लहानपणी आम्हाला वाटे की तो ट्रकच्या परमिटविषयी बोलतो. नंतर राज्यघटना वाचताना उलगडा झाला. 19 जुलै 1948 पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायला परमिट लागू लागले. दंगलीच्या दिवसांत जीव वाचवायला गेलेला, नातेवाइकांकडे गेलेला, धंद्यासाठी कराचीत अडकलेला, सगळ्यांना एकच कायदा. भेटीचे परमिट वेगळे आणि कायमच्या परतीचे वेगळे. घटनेच्या सातव्या अनुच्छेदात हा शब्द आजही आहे: 1 मार्च 1947 नंतर जो पाकिस्तानात स्थलांतर करून गेला तो नागरिक मानला जाणार नाही, मात्र पुनर्वसनाच्या किंवा कायम परतीच्या परवान्यावर परत आलेल्याला ते लागू नाही. त्याने मग नोंदणी करायची, आणि नोंदणीच्या अर्जाआधी इथे राहिलेला असला पाहिजे, किती? सहा महिने. आम्ही सहावा आणि सातवा अनुच्छेद शेजारी ठेवून वाचले तेव्हा त्या बाजींचा 2018 चा प्रश्न पुन्हा ऐकू आला.

त्या काळी मुंबई राज्यातलाच एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, इब्राहीम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य. 1949 च्या कायद्यात सरकारला अधिकार होता की परमिटचा नियम मोडून आलेल्या माणसाला देशाबाहेर काढावे. 1954 मध्ये न्यायालयाने सांगितले की भारतीय नागरिकाला अशा प्रकारे देशाबाहेर काढता येणार नाही; ते कलम नागरिकांपुरते घटनाबाह्य आहे. तेव्हा आमचे खानदेशही मुंबई राज्यातच होते. पण हा निकाल आमच्या मोहल्ल्यापर्यंत पोहोचलाच नाही. पोहोचली ती फक्त भीती. ती नानांकडून मामांकडे आली आणि मामांकडून आमच्याकडे. "कागद मागू नको, चौकशी मागे लागते." "गप राहा, सारे गाव ओळखते." या दोन वाक्यांवर आमच्या बिरादरीच्या दोन पिढ्या निघाल्या.

सारे गाव ओळखते हे खरेच आहे. रियाधवाल्या भाईंना पांझरेच्या काठच्या कांद्याच्या वखारीत विचारा, चहाच्या टपरीवर विचारा. अहिराणीत "मी आठलाच शे" म्हणणारा माणूस. पण गाव यादी छापत नाही.

आता आम्हाला एक कबुली द्यायची आहे, आणि ती दिल्याशिवाय पुढचे लिहिणे लबाडीचे ठरेल. भाई 2022 मध्ये कायमचे परत आले आणि मतदार यादीत स्वतःचे नाव शोधू लागले. नाव नव्हते. ते कोणी काढले? काही वर्षांपूर्वी घरोघर पडताळणी झाली तेव्हा त्या भागाचे बीएलओ आम्ही होतो. आम्हा शिक्षकांकडे हे काम असतेच. दार बंद होते. शेजाऱ्याने सांगितले, "वो तो सौदी में रहते." आम्ही उन्हात उभे होतो, अजून चाळीस घरे बाकी होती. आम्ही रकान्यात लिहिले, स्थलांतरित. भाईंना आम्ही ओळखत नव्हतो असे नाही. त्यांच्या लग्नाची बिर्याणी आम्ही खाल्लेली आहे.

तेव्हा आम्ही कायदा वाचला नव्हता. पुढे वाचला. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे विसावे कलम सांगते की केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की जो तात्पुरता गैरहजर आहे तो केवळ गैरहजेरीमुळे रहिवासी राहत नाही असे होत नाही. बाविसावे कलम सांगते की अमुक माणूस आता इथला रहिवासी नाही या कारणाने नाव काढण्यापूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. भाईंना ती मिळाल्याचे आम्हाला दिसत नाही. बंद दाराला काय संधी देणार? आणि 2010 च्या दुरुस्तीने आलेले, 2011 पासून लागू असलेले कलम 20 क तर थेट बाहेर असलेल्यांसाठीच आहे. नोकरी, शिक्षण किंवा अन्य कारणाने परदेशी असलेला, दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेला भारतीय, त्याची गैरहजेरी तात्पुरती असो वा नसो, पासपोर्टवर असलेल्या भारतातल्या पत्त्यावर मतदार होऊ शकतो. तात्पुरती असो वा नसो! संसदेने असे लिहून ठेवले आहे आणि आम्ही, पिंपळनेरचे एक मास्तर, उन्हात उभे राहून एका शब्दात ते पुसून टाकतो.

शाळेत आम्ही गैरहजर मुलाचे नाव कमी करत होतो. महिनाभर आले नाही की लाल रेघ. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने ती रेघ बंद केली. आठवीपर्यंत मूल शाळेतून काढता येत नाही, त्याला शोधून आणायचे असते. मुलाबाबत जे आपल्याला समजले ते त्याच्या बापाबाबत समजायला काय हरकत आहे?

आम्ही सोपे करून सांगतो आहोत असे कुणी म्हणेल. आमच्या स्टाफरूममध्येच एक सहकारी म्हणाले, "जो वीस वर्षे इथे राहिला नाही, इथल्या नळाला पाणी येते की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने इथे मत का द्यावे?" प्रश्न खोटा नाही. आमच्यातही काही महाभाग आहेत ज्यांची नावे सुरतेच्या यादीत आहेत आणि पिंपळनेरच्याही; तो गुन्हा आहे आणि त्यांची आम्ही वकिली करणार नाही. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्याने इथले मत सोडले, तेही ठीक. पण नळाच्या पाण्याची परीक्षा सगळ्यांची घ्या. सीमेवरच्या जवानाची कायदा घेत नाही. तो जिथे एरवी राहिला असता तिथला रहिवासी त्याला मानतो, आणि ते योग्यच आहे. साक्री तालुक्यातले आदिवासी भाऊ दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, वाड्यावस्त्या ओस पडतात. तेही स्थलांतरित? मग पावसाळ्यात परत येतात ते कोण? नळाची गोष्ट काढाल तर भाईंच्या घराची घरपट्टी वीस वर्षे वेळेवर भरली गेली आहे, रियाधहून आलेल्या पैशातून.

आणि हे आता आमच्या मोहल्ल्यापुरते राहिलेले नाही. बिहारमध्ये 2025 साली मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली. 1 ऑगस्टला प्रारूप यादी आली तेव्हा सुमारे 65 लाख नावे तिच्यात नव्हती, आणि त्यातली सुमारे 36 लाख कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले या रकान्यात होती. त्यात खरेच गेलेले किती आणि दार बंद करून कामाला गेलेले किती हे आम्ही इथे बसून सांगू शकत नाही. आम्हाला एवढेच माहीत आहे की तो रकाना कसा भरला जातो. कायम हा शब्द मोठा गमतीचा आहे. कफील तो कधी लिहून देत नाही. इथे मात्र माणूस घरी नसताना त्याच्या नावापुढे तो एका फटक्यात लागतो, आणि तो परत आला की कायम आलास का, याचे पुरावे त्यालाच द्यावे लागतात.

सरकारला बोलणे झाले. आता बिरादरीला.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत देशभर सुमारे 1 लाख 19 हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. त्यातले बहुतेक, तीन चतुर्थांशाच्या आसपास, एकट्या केरळचे. प्रत्यक्ष मतदान केलेले तीन हजारांच्या आत, तेही जवळजवळ सगळे केरळचे, कारण मत द्यायला स्वतः यावे लागते. प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारे विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झाले होते, राज्यसभेत पोहोचून कायदा होण्याआधीच 2019 मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. असो. केरळचा माणूस फार शहाणा आणि आमचा मूर्ख, असे नाही. तिथे 1996 पासून राज्य सरकारचे अनिवासी केरळीयांसाठी वेगळे खाते आहे आणि गल्लीगल्लीत फॉर्म 6 अ भरून देणारे कार्यकर्ते आहेत. आमच्याकडे मुशायऱ्याला दोन हजार माणूस जमतो. संमेलनांत मुस्लिम मराठी अस्मितेवर ठराव होतात, आम्हीही हात वर केलेला आहे. पण जलशाच्या मांडवात एक टेबल टाकून फॉर्म भरून घ्यावेत, असे कुणाला सुचले नाही. आम्हालाही सुचले नव्हते.

आणि बायका? 2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजनेसाठी रांगा लागल्या तेव्हा त्याच बाजी पुन्हा आमच्याकडे आल्या. त्यांचा जन्म गुजरातेतला. पिंपळनेर सरहद्दीवरचे गाव, आमच्याकडे सोनगढ-व्याऱ्याच्या सुना पुष्कळ. लग्नानंतर दोन वर्षे इथे, नऊ वर्षे रियाधला, मग सहा वर्षे इथे. अधिवासाचा दाखला मागितला होता. सुदैवाने सरकारने त्याच महिन्यात अट सैल केली. दाखला नसेल तर 15 वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल; परराज्यात जन्मलेल्या बाईने महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न केले असेल तर नवऱ्याची कागदपत्रे चालतील. म्हणजे बाई इथली ठरणार ती नवऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर. तो दाखला आमच्याच शाळेचा. आम्ही जुने रजिस्टर काढले.

इथे आमच्या पेशाचे आणखी एक पाप निघाले. खानदेशात आपल्यात नाव लिहायची रीत शेख अमुक शेख तमुक. रजिस्टर उर्दूत, दाखला मराठीत, पासपोर्ट इंग्रजीत. जुन्या रजिस्टरात शेखचा शे. झालेला, दाखल्यावर घराण्याचा पिंजारी आलेला, पासपोर्टात चारही शब्द नावाच्या रकान्यात आणि आडनावाचा रकाना कोरा. 2022 च्या नोव्हेंबरात अमिरातीने एकाच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टला भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा या कोऱ्या रकान्याची किंमत पुष्कळांना कळली. चुकीची सुरुवात मात्र पहिलीच्या वर्गात होते, जेव्हा आम्ही आजोबांना घाईने विचारतो, "नाम क्या लिखूँ?" आणि त्यांनी जे सांगितले ते कानाला पडेल तसे लिहितो.

त्या बाजींचे काम झाले. नवऱ्याच्या दाखल्यावरचे नाव आणि पासपोर्टावरचे नाव एकाच माणसाचे आहे, असे प्रतिज्ञापत्र करावे लागले, त्यात दोन दिवसांची मजुरी गेली. भाईंचा फॉर्म 6 आम्ही स्वतः भरला. इतक्या वर्षांनी नवा मतदार म्हणून! ज्याने पहिले मत 1999 मध्ये दिले आहे असा नवा मतदार. ते हसले आणि म्हणाले, "मास्टर, लिख दो. पैदा तो मैं कब का हो चुका."

या वर्षी आमच्या शाळेत आम्ही दोघा-तिघांनी एक केले आहे. प्रवेशाच्या वेळी बाप बाहेर आहे असे कळले की त्याचा फोन नंबर घेतो आणि रात्री त्याला विचारतो, पासपोर्ट कधी संपतो? तिथल्या दूतावासातून नवा करशील तेव्हा पत्त्याच्या रकान्यात तिथल्या लेबर कॅम्पचा पत्ता टाकू नकोस, पिंपळनेरचा ठेव. 6 अ चा सगळा खेळ त्या पत्त्यावर आहे. रेशनच्या ई-केवायसीला अंगठा लागतो आणि अंगठा तर दम्मामला आहे, तेव्हा सुट्टीत आलास की पहिल्या आठवड्यात ते उरक. पहिल्यांदा लोक बिचकतात. एकाने विचारले, "सर, हे सरकारी आहे का?" आम्ही म्हटले, नाही, कायदेशीर आहे.

भाईंचा धाकटा भाऊ अजून दम्मामला आहे. त्याचा फॉर्म 6 अ मागच्या महिन्यात गेला. पडताळणीला बीएलओ घरी येईल. या खेपेला त्या भागाच्या बीएलओ आम्ही नाही, शेजारच्या मराठी शाळेतल्या बाई आहेत. त्यांना आम्ही सांगून ठेवले आहे: दार बंद दिसले तर काही लिहू नका, आमच्याकडे या. किल्ली आमच्याकडे असते.